बालदम्याविषयी शिकावे कोठे आणि विचारावे कोणाला?

कातळसडा (२३ मे, रात्री ९.४०)

सर्वांना नमस्कार.

मी देवगड तालुक्यातील एका खेड्यात राहतो. हापूसची बाग आहे, थोडी काजूची झाडे आहेत. माझी मुलगी सात वर्षांची असून येत्या जूनमध्ये दुसरीत जाईल. गेल्या पावसाळ्यात सर्दीचे निमित्त होऊन तिला रात्री खोकल्याची उबळ येऊ लागली, छातीतून सूं सूं असा आवाज येऊ लागला, आणि गणपतीच्या आधी दोनदा व नंतर एकदा तिला चाळीस किलोमीटरवरच्या दवाखान्यात नेऊन नेब्युलायझरने वाफ द्यावी लागली. तिसऱ्या खेपेस बालरोगतज्ज्ञांनी हा बालदमा असल्याचे स्पष्ट सांगितले आणि दोन पंप (इनहेलर) व एक स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची प्लास्टिकची नळी, लिहून दिला. बाहेर मुलांची रांग लागलेली असताना त्यांनी दहा मिनिटे दिली, हेही पुष्कळ झाले. मात्र त्या दहा मिनिटांतले निम्मे आम्ही घाट उतरेपर्यंत विसरलो होतो, आणि हातातल्या कागदावर औषधांच्या नावांपलीकडे काही नव्हते.

हिवाळा बरा गेला. माघ-फाल्गुनात पुन्हा खोकला झाला, आणि आता पावसाळा तोंडावर आहे. कोणता पंप रोज द्यायचा आणि कोणता दम लागल्यावर, इतके मला कळते. पण आम्ही देतो ते बरोबर देतो का, किती वेळ वाट पाहून दवाखान्याकडे निघावे, शाळेत असताना त्रास झाला तर काय, यांपैकी एकाही प्रश्नाचे खात्रीशीर उत्तर माझ्यापाशी नाही. शाळेत विचारले तेव्हा औषध शाळेत ठेवण्याची जबाबदारी आम्ही घेऊ शकत नाही असे सांगण्यात आले. घरी माझी आई रोज एकदा तरी म्हणते, ‘‘पंपाची सवय लागतली, मगे सुटाची नाय,’’ आणि खरे सांगायचे तर रात्री दोन वाजता हातात पंप घेऊन उभे असताना माझ्याही मनात तीच भीती येऊन जाते.

नेटवर शोधले तर मराठीत दोनच प्रकार सापडतात. एक म्हणजे मुळापासून दमा घालवून देण्याची हमी देणाऱ्या जाहिराती, आणि दुसरे इंग्रजीतून जसेच्या तसे उतरवलेले लेख, ज्यांत ‘पराग हंगामात खिडक्या बंद ठेवा’ असे लिहिलेले असते. आमच्या कौलारू घराच्या खिडक्या बंद केल्या तरी कौलांच्या फटींतून वारा यायचा तो येतोच. कोकणात राहून ज्यांनी या आजाराशी जमवून घेतले आहे, त्यांच्याकडून मला समजून घ्यायचे आहे: प्रत्यक्ष शिकवणारे कोणी आहे का, विश्वास ठेवावा असे साहित्य कोठे मिळते, आणि अशा मुलांच्या पालकांचा एखादा गट असतो का?

---

अनंतमूळ (२४ मे, सकाळी ७.१५)

कातळसडा, आपली काळजी समजते. माझ्या पुतण्याला लहानपणी असाच दमा होता. आम्ही त्याला सलग तीन वर्षे कोजागिरीच्या रात्री चांदण्यात ठेवलेल्या दुधातून दिले जाणारे औषध दिले, आणि एका वर्षी मृग नक्षत्राला हैदराबादला नेऊन माशाचे औषधही दिले. बारा-तेरा वर्षांचा झाल्यावर त्याचा दमा पूर्णपणे गेला. आता तो मुंबईत नोकरी करतो आणि लोकल धावत जाऊन पकडतो. पंपाच्या नादी फार लागू नये, एवढेच माझे वैयक्तिक मत आहे. एक पुडी देणारे वैद्य माझ्या माहितीत आहेत, हवे असल्यास निरोप पाठवा.

---

सुरंगी (२४ मे, दुपारी २.०५)

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि त्याच्या दम्याला आता सात वर्षे झाली. आम्ही मालवणजवळ राहतो. आपल्या सासूबाईंचे, आईंचे, शेजाऱ्यांचे बोलणे मी सात वर्षे ऐकत आले आहे, त्यामुळे तो भाग प्रथम लिहिते. माझ्या सासूबाईंना कितीही समजावले तरी पटत नव्हते. शेवटी एकदा मी त्यांना सोबत डॉक्टरांकडे नेले आणि बोलणे डॉक्टरांवर सोपवले. त्यांनी खोकल्याच्या औषधाची बाटली आणि पंप शेजारी शेजारी ठेवले. दम लागल्यावर देतात त्या साल्ब्युटामॉलच्या पातळ औषधात एका चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, २ मिलिग्रॅम औषध असते, आणि तेच औषध पंपाच्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम असते. म्हणजे एक चमचा औषध पाजले की वीस पफांइतके औषध पोटातून साऱ्या अंगात जाते, आणि पंपाने मात्र त्याचा विसावा भाग थेट छातीत जातो. सासूबाई काजू-आंब्याचा हिशोब आयुष्यभर तोंडी करत आलेल्या. त्यांना हा हिशोब एका क्षणात पटला. त्या दिवसापासून स्पेसर धुण्याचे काम त्यांनीच घेतले आहे.

घराविषयी सांगायचे तर कोकणातला त्रास हा धुळीपेक्षा ओलीचा जास्त आहे. जून ते सप्टेंबर भिंतीला टेकलेल्या कपाटामागे बुरशीचे काळे-हिरवे डाग उठतात, गाद्या-गोधड्या कधी पूर्ण वाळत नाहीत आणि दमट हवेत धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे, ज्यांना डॉक्टर माइट म्हणतात, ते वाढतात. आम्ही केले ते एवढेच. मुलाची झोपण्याची जागा ओल्या भिंतीच्या खोलीतून काढून दक्षिणेकडच्या खोलीत नेली, कापसाची जुनी गादी काढली, गोधड्या मे महिन्यातच कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवून ठेवल्या आणि पावसात ओले कपडे त्याच्या खोलीत दोरीवर टाकणे बंद केले. डासांची कॉइल पूर्ण बंद केली, त्याऐवजी मच्छरदाणी लावतो. पाणी तापवायची चूल पडवीतून बाहेर मागल्या अंगणात हलवली, आणि याला घरात सर्वांत जास्त विरोध झाला, कारण पावसात तिथे जायचे कोणी?

काही गोष्टी मात्र आपल्या हातात नसतात. एप्रिल-मे महिन्यात सगळा गाव तरव्यासाठी भाजावळ करतो, म्हणजे भाताची रोपे करायच्या जमिनीवर पालापाचोळा जाळतो, आणि चार दिवस वाडीभर धूर भरून राहतो. त्या दिवसांत मी मुलाला मामाकडे ठेवते. गणपतीच्या आधी माळ्यावरचे सामान काढणे, भिंती रंगवणे आणि मखराची तयारी चालते तेव्हाही तो घरात नसेल असे पाहते. मूर्ती घरी आली की मात्र तो आरतीला असतोच. धूप तेवढा आम्ही अंगणात ठेवतो.

पालकांच्या गटाविषयी आपण विचारले आहे. औपचारिक म्हणावा असा गट मला माहीत नाही. आमचा जो आहे तो दवाखान्याबाहेरच्या बाकावर तयार झाला. एकाच दिवशी वाफ द्यायला आलेल्या आम्ही पाच आयांनी मोबाइल क्रमांक घेतले आणि व्हॉट्सॲपवर गट केला. आज त्यात बावीस जणी आहेत. त्याचा उपयोग कोणत्या दुकानात पंप शिल्लक आहे, कोणाकडे जादा स्पेसर आहे, कोण उद्या कुडाळला जात आहे अशा गोष्टींसाठी फार होतो, आणि रात्री अडीच वाजता कोणीतरी जागे आहे हे कळण्यासाठी त्याहून जास्त होतो. एक नियम आम्ही पहिल्या महिन्यात केला: कोणीही दुसरीच्या मुलाला औषध किंवा डोस सुचवायचा नाही. हा नियम करण्याचे कारण घडले होते, म्हणून केला. आपल्या डॉक्टरांच्या मदतनीस बाईंना विचारून पाहा; अशी आणखी मुले कोणत्या गावांतून येतात ते त्यांना नक्की ठाऊक असते.

---

मुळाक्षर (२४ मे, रात्री ८.३०)

मी राजापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. आपल्या शाळेने दिलेले उत्तर मला नवे नाही. सहा वर्षांपूर्वी आमच्याही शाळेने एका पालकाला तेच दिले असते, आणि त्यामागे निष्ठुरपणा नसून भीती असते. आपण पंप दिला आणि मुलाला काही झाले तर आपल्यावर येईल, असे शिक्षकाला वाटते. ही भीती घालवण्याचा एकच मार्ग मला दिसला, तो म्हणजे डॉक्टरांच्या सहीचा कागद. मुलाचे नाव, दम लागल्यास कोणता पंप, किती पफ, किती मिनिटांनी पुन्हा, कोणती चिन्हे दिसल्यास थांबू नये, पालकांचे दोन क्रमांक आणि खाली पालकांची संमती. एवढे एका पानावर असले की शिक्षकाला निर्णय घ्यावा लागत नाही, लिहिले आहे ते करायचे असते.

शाळा जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित असेल तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिला शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिचे तीनचतुर्थांश सदस्य पालकच असतात. मुख्याध्यापकांशी एकट्याने वाद घालण्यापेक्षा जूनच्या पहिल्या सभेत हा विषय ठेवण्यास सांगावे. आमच्या समितीने ठराव केला आणि तेव्हापासून कार्यालयातल्या कपाटात, कुलूप न लावलेल्या कप्प्यात, मुलाच्या नावाची चेनची पिशवी असते. तिच्यात पंप, स्पेसर आणि तो कागद. कुलूप नको, हे मुद्दाम लिहितो, कारण किल्ली असलेले गुरुजी नेमके त्या दिवशी केंद्रशाळेत सभेला गेलेले असतात. शाळा खासगी विनाअनुदानित असेल तर अशी समिती बंधनकारक नसते. तेथे अर्ज संस्थेकडे लेखी द्यावा.

आणखी एक. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येते. त्यात दोन वैद्यकीय अधिकारी, औषधनिर्माता आणि परिचारिका असतात. पुष्कळ पालकांना वाटते की हे लोक वजन-उंची आणि दात पाहून जातात, पण त्यांच्या तपासणीच्या यादीत श्वासनलिकांच्या आजाराची स्वतंत्र नोंद आहे. पथक येईल त्या दिवशी मुलीला घरी ठेवू नका, तिचा कागद तिच्याजवळ द्या आणि जमल्यास स्वतः शाळेत थांबा. तेथून जिल्हा रुग्णालयाला चिठ्ठी मिळू शकते, आणि आपल्याला बोलायला अधिकृत माणूस मिळतो.

वर्गातले म्हणाल तर आम्ही दोनच बदल केले. झाडलोट मुले येण्याआधी होते, आणि फळा ओल्या फडक्याने पुसला जातो. मुलाला खेळातून वगळलेले नाही. तो खो-खोत उत्तम पळतो. धावण्यापूर्वी हळूहळू अंग गरम करायचे आणि डॉक्टरांनी सांगितले असल्यास आधी पंप घ्यायचा, एवढेच पथ्य आहे. ‘तू बस, तुला दम लागेल’ हे वाक्य मी स्वतः पूर्वी वापरलेले आहे आणि त्याने ते मूल किती एकटे पडते हे पाहिलेले आहे.

---

तळपाणंद (२५ मे, रात्री ११.१०)

मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि गेली अनेक वर्षे सिंधुदुर्गात काम करतो. मुलीला न तपासता मी तिच्या औषधांविषयी काही लिहिणार नाही. ते आपल्या डॉक्टरांचे काम आहे. शिकायचे काय आणि कोठे, याविषयी मात्र सविस्तर लिहितो.

प्रथम ‘सवय’. दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सतत सूज असते, त्यामुळे त्या चिडक्या होतात, आणि सर्दी, धूर, बुरशी असे काही निमित्त मिळाले की आवळतात व चिकट स्राव भरतो. बुडेसोनाइडसारखे रोजचे औषध (हे श्वासातून घ्यायचे स्टेरॉइड) ती सूज उतरवते. त्याचा परिणाम दिसायला काही दिवस ते काही आठवडे लागतात, म्हणून लोक ‘याने काही होत नाही’ म्हणून ते सोडतात. साल्ब्युटामॉल आवळलेली नलिका काही मिनिटांत सैल करते, पण सुजेला हात लावत नाही, म्हणून लोकांना तेच खरे औषध वाटते. सवय लागते ती याची, की वरवरचा आराम घेत राहायचा आणि मूळची सूज तशीच ठेवायची. केवळ आराम देणाऱ्या पंपावर रुग्णाला ठेवू नये, अशी स्पष्ट शिफारस ‘जीना’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय दमा संस्थेने प्रौढ व किशोरवयीन रुग्णांसाठी २०१९ मध्ये केली, आणि सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठीही सूज उतरवणाऱ्या औषधावरच तिचा भर आहे.

या रोजच्या औषधाने मुलाची वाढ खुंटेल, ही भीतीही लपवून ठेवण्यासारखी नाही. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात लहानपणी काही वर्षे रोज ४०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड घेतलेल्या मुलांची प्रौढपणीची उंची, न घेतलेल्यांपेक्षा सरासरी सुमारे १.२ सेंटिमीटर कमी भरली. हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणून आम्ही शक्य तेवढा कमी डोस ठेवतो. दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहावे: वारंवार दम लागून तोंडाने स्टेरॉइड घ्यावे लागणे, रात्रीची झोप मोडणे, शाळा बुडणे. डोस कमी करायचा तर साधारण तीन महिने त्रास नसल्यावर करतात, आणि तोही कोकणात मी जूनच्या तोंडावर सहसा करत नाही. मुलगी मे महिन्यात ठणठणीत दिसते म्हणून पालकांनी स्वतःच पंप बंद केला आणि जुलैत रात्री घेऊन धावले, असे दरवर्षी घडते.

आता शिकण्याविषयी. माझ्या मते आपण ज्याला साहित्य म्हणता ते दुसऱ्या क्रमांकावर येते. पहिल्या क्रमांकावर आहे कोणाच्या तरी डोळ्यांसमोर स्वतःच्या हाताने करून दाखवणे. पुढच्या भेटीला पंप आणि स्पेसर घेऊन जा आणि डॉक्टरांना म्हणा, ‘‘मी देतो, तुम्ही पाहा.’’ दोन मिनिटे लागतात, आणि ती कोणताही डॉक्टर देईल. पाहणाऱ्याने काय पाहावे ते सांगतो. टोपण काढले का, पंप हलवला का, एका वेळी एकच पफ दाबला का, मुखनळीभोवती ओठ घट्ट मिटले होते का, पफनंतर पाच-सहा संथ श्वास तोंडाने घेतले का, दुसऱ्या पफपूर्वी पंप पुन्हा हलवला का, आणि रोजच्या पंपानंतर चूळ भरून टाकली का. स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून तसाच निथळत ठेवावा. फडक्याने पुसला की आत स्थिर विद्युत तयार होते आणि औषध प्लास्टिकला चिकटते. सुरंगीताईंच्या सासूबाई हे बरोबर करत असतील अशी आशा आहे.

पंपात औषध उरले आहे का, हे हलवून किंवा पाण्यात तरंगवून कळत नाही. बहुतेक डब्यांत २०० पफ असतात. रोज सकाळ-संध्याकाळ दोन दोन पफ असतील तर तो पन्नास दिवसांत संपतो, म्हणून सुरू केल्याची तारीख पेनाने डब्यावर लिहावी. ‘पंपाचा गुण येत नाही’ म्हणून आलेल्या मुलांत रिकामा पंप निघणे हे मला नवे राहिलेले नाही. निळा, तपकिरी अशा रंगांवरही जाऊ नये, कंपनीगणिक रंग बदलतात; औषधाचे नाव वाचावे.

दुसरी गोष्ट म्हणजे मुळाक्षर यांनी सांगितलेला कागद. आम्ही त्याला दम्याची कृती-योजना म्हणतो. हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन भाग असतात: बरी असताना काय, त्रास वाढू लागल्यावर काय, आणि धोक्याच्या वेळी काय. डॉक्टरांनी आपण होऊन दिला नसेल तर मागून घ्यावा. आपण हातानेच तीन रकाने आखून नेले तर भरून मिळण्याची शक्यता वाढते, हा अनुभव आहे. लाल भागातली चिन्हे मात्र आजच पाठ करा: वाक्य पुरे बोलता न येणे, श्वास घेताना बरगड्यांमधली आणि गळ्याखालची कातडी आत ओढली जाणे, नाकपुड्या फुलणे, ओठ निळसर दिसणे, मूल गळून जाणे किंवा झापड येणे, आणि आराम देणाऱ्या पंपाने गुण न येणे किंवा तीन-चार तासांच्या आतच तो पुन्हा लागणे. अशा वेळी छातीतला सूं सूं आवाज अचानक बंद झाला तर ते बरे वाटल्याचे लक्षण समजू नये. नलिकांतून हवाच जात नसल्याचे ते चिन्ह असू शकते. मुलीला आडवे करू नये, बसवून ठेवावे, १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत व वाटेतही डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे स्पेसरमधून पफ देत राहावे. आपल्याकडच्या रस्त्यांनी रुग्णवाहिकेला लागणारा वेळ धरूनच निघण्याचा निर्णय लवकर घ्यायचा असतो. शहरातल्या माणसाने पाहिलेली वाट आपण पाहू नये.

घरी नेब्युलायझर घ्यावा का, हे आपण विचारले नाही, पण पुढे विचाराल. स्पेसरने नीट दिलेला पंप बहुतेक झटक्यांत नेब्युलायझरइतकाच उपयोगी पडतो, आणि पावसाळ्यात वीज गेल्यावर तर तोच चालतो. प्रवासात स्पेसर विसरलाच तर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या तळाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडून तो घट्ट बसवला तरी वेळ निभावते. केप टाउनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये मुलांवर हे तपासून पाहिले होते.

वाचण्यासाठी भारतीय बालरोग अकादमीचे पालकांसाठीचे साहित्य आणि जीनाची रुग्णांसाठीची पुस्तिका प्रथम पाहावी. इंग्रजी चालत असेल तर मेलबर्नच्या रॉयल चिल्ड्रन्स हॉस्पिटलची पालकांसाठीची पाने अतिशय स्वच्छ भाषेत लिहिलेली आहेत. सिप्ला कंपनीच्या ‘ब्रीदफ्री’ उपक्रमात पंप कसा घ्यावा याच्या चित्रफिती आहेत. कृती शिकायला त्या चांगल्या आहेत, मात्र कंपनी हीच औषधे विकते हे लक्षात ठेवून पाहाव्यात. प्रत्येक वर्षी मे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी जागतिक दमा दिन असतो आणि त्या आठवड्यात अनेक ठिकाणी शिबिरे होतात. यंदाचा गेला, पुढच्या वर्षीचा कॅलेंडरवर लिहून ठेवा. घाटमाथ्यावर जाणे शक्य नसेल तेव्हा सरकारच्या ई-संजीवनी सेवेवरून मोबाइलवर डॉक्टरांशी बोलता येते. श्वासाचा जोर मोजणारी फुंकनळी, म्हणजे पीक फ्लो मीटर, सात वर्षांच्या मुलीला शिकवता येईल, पण तिची सक्ती नाही. तुमच्या डॉक्टरांना तिच्या आकड्यांचा उपयोग असेल तरच घ्या.

आपण बागायतदार आहात म्हणून एक खास सूचना. मोहोरावरच्या फवारणीच्या दिवशी मुलगी बागेत नसावी, आणि फवारणी केलेले कपडे आपण बाहेरच उतरवावेत. माघ-फाल्गुनातल्या खोकल्याचे कारण तेथे असेलच असे मी म्हणत नाही. एका वहीत रोज एक ओळ लिहा: रात्री खोकली का, पंप किती वेळा लागला, त्या दिवशी घरात-बागेत काय होते. दोन महिन्यांत तिची स्वतःची कारणे आपल्याला दिसू लागतील. तोवर केळी, दही, भात, मासे असे एकेक बंद करत जाऊ नका. वजन न वाढलेली, सर्व पदार्थ बंद केलेली आणि पंप मात्र न घेणारी मुले मी पुष्कळ पाहतो.

अनंतमूळ, आपल्या पुतण्याचा दमा गेला याचा आनंद आहे. लहानपणीचा दमा बऱ्याच मुलांत वयात येताना कमी होतो किंवा दिसेनासा होतो, आणि त्या वेळी जे औषध चालू असते त्याला श्रेय मिळते. कोजागिरीचे दूध श्रद्धेने घेणाऱ्याला मी कधी अडवलेले नाही. त्यासाठी पंप बंद करायचा नाही, एवढीच अट घालतो. निनावी पुडीला मात्र माझा पूर्ण विरोध आहे. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले सापडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, आणि किती मिसळले आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसते.

---

अनंतमूळ (२६ मे, सकाळी ७.००)

डॉक्टरसाहेब, पुडीविषयी आपण लिहिलेले वाचले. वैद्यांचा पत्ता मी कोणाला पाठवणार नाही. पुतण्याला फोन करून विचारले असता, त्याची आई त्या वर्षांत पंपही देत होती, असे त्याने सांगितले. घरात आम्हा थोरांना हे कोणी सांगितलेच नव्हते.

---

कातळसडा (१४ जून, रात्री १०.२०)

सर्वांचे आभार मानायला तीन आठवडे लागले, कारण मध्ये आंब्याचा शेवट आणि पेरणी आली.

पंप आणि स्पेसर घेऊन डॉक्टरांकडे गेलो आणि ‘‘मी देतो, तुम्ही पाहा’’ असे म्हटले. तीन चुका निघाल्या. मी दोन्ही पफ एकदम दाबत होतो, मुलगी मुखनळी तोंडात धरून श्वास नाकाने घेत होती, आणि रोजचा पंप रिकामा होता. किती दिवसांपासून, ते देवाला ठाऊक. डॉक्टर रागावले नाहीत. मी वहीच्या पानावर तीन रकाने आखून नेले होते, ते त्यांनी भरून सही-शिक्का दिला आणि त्याची एक प्रत स्वतःसाठी काढून घेतली. त्यांच्याकडच्या परिचारिकेने आमच्याच पंचक्रोशीतल्या आणखी तीन घरांना विचारून त्यांचे क्रमांक दिले. आईला सोबत नेले होते. वीस पफांचा हिशोब तिलाही पटला, मात्र कोजागिरी ती सोडणार नाही, आणि मीही तो विषय वाढवला नाही.

शाळा उद्या सुरू होत आहे. मुख्याध्यापकांना फोन केला तेव्हा, कागद आणा, मग पाहू, असे म्हणाले. मुळाक्षर, एक विचारायचे राहिले. शाळेत ठेवायला वेगळा स्पेसर घ्यावा, की घरचाच दप्तरातून रोज न्यावा?

---

मुळाक्षर (१४ जून, रात्री १०.५५)

वेगळा घ्यावा. दप्तरातला पहिल्या पावसातच वह्यांखाली चेपतो, आणि ज्या दिवशी लागतो त्या दिवशी तो घरी ओट्यावर निथळत असतो. दोन्हींवर मुलीचे नाव लिहा, कागदाच्या दोन झेरॉक्स प्रती प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या, एक वर्गशिक्षकांसाठी आणि एक पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंसाठी, कारण मधल्या सुट्टीत मुलांजवळ त्याच असतात. आणि उद्या जाताना पंप शाळेतच एकदा करून दाखवा, मुलीच्याच हाताने.

---

सुरंगी (१५ जून, सकाळी ६.४०)

आमच्या गटातल्या एका आईकडे न वापरलेला स्पेसर आहे, मुलीच्या वयाचाच, मुखनळीचा. बुधवारी कणकवलीला कोणीतरी येत आहे. निरोप पाठवा, त्यांच्याकडे देते.